शिट्टी झाली की...

"आई, घरी कधी जायचं?" अकोल्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आठ दिवस झाले तरी चार वर्षांच्या मुक्ताचं हेच पालुपद.

आज एकदाचा गॅस जोडला आणि मी कुकर लावला. पहिली शिट्टी होताच, साताऱ्यात रोज नाचायचा तसा, तिचा बाबा खोक्यांमधून नाचत सुटला. दुसरीला मीही कणकेच्या हातांनी सामील! मुक्ता मात्र ढिम्म.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. "अहो, काय धिंगाणा चाललाय?"

तिसरी शिट्टी झाली. मुक्ता धावत जाऊन काकूंचा हात ओढू लागली. "काकू, नाच ना! आमच्या घरी शिट्टी झाली की नाचायचंच असतं!"

"अगं बाई!" म्हणत काकूंनी पदर खोचला.

वरणाला तीनच शिट्ट्या पुरतात, पण मी गॅस बंदच केला नाही.