चालू राहू दे

"मागे लावू की पुढे?" आईनं विचारलं. नखाएवढा वायफाय अ‍ॅडॅप्टर तिनं चिमटीत धरला होता. टेबलावर मोबाइल उताणा पडलेला. त्यातून परगावच्या लेकीचा आवाज येत होता.

"मागे लाव. पण बाबांच्या खोलीत वायरवर चांगला चालत होता की कॉम्प्युटर. ते गेल्यावर तो स्वयंपाकघरात आणायचं काय अडलं होतं?"

"लावला बघ. दिवा लुकलुकतोय. आता?"

"आता पाकिटातली सीडी घाल."

हिरवी पट्टी सरकायची, थबकायची. लेक मधूनमधून "झालं का?" विचारत होती; तिकडे तिची कामावर जायची घाई चालली होती.

शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात नावांची यादी उघडली.

"अगं बाई, एवढी बिऱ्हाडं! एरवी जिन्यात कुत्रं दिसत नाही. एकाचं नाव तर 'विचारू नका'."

"मग नकोच विचारूस. आपलं शोध. पासवर्ड राउटरच्या पाठीवर आहे."

राउटर बाबांच्या खोलीत होता. आई दारात जरा थांबली. मग भरभर आत गेली, राउटर उलटा केला आणि आकडे पुटपुटत तशीच बाहेर आली. एका बोटानं टाइप केले. एक चुकला. पुन्हा केले.

लागलं.

थोड्याच वेळात लेकीचा चेहरा पडदाभर आला. खांद्याला पर्स.

"वाळलीस गं," आई म्हणाली.

"कॅमेरा तसा दाखवतो. आई, खरं सांग, तिथे का बसतेस?"

आईनं पदरानं उगाच टेबल पुसलं.

"इथे फ्रीज आहे ना. त्याचा जरा आवाज असतो."

लेकीनं घड्याळ पाहिलं, नजर वळवली, पुन्हा पाहिलं.

"मला निघायला हवं गं. बंद करू?"

"चालू राहू दे की. तुझं काय जातंय?"

"अगं, पण इथे कुणीच नसेल."

"असू दे."

लेकीनं हात हलवला. दार ओढल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. पडद्यावर रिकामी खुर्ची उरली, तिच्या पाठीवर ओला टॉवेल. मागे खिडकी उघडी होती आणि खालून रहदारी ऐकू येत होती.

आईनं आवाज मोठा केला. मटाराचं ताट पुढ्यात ओढलं आणि पडद्यावरच्या त्या खोलीकडे तोंड करून शेंगा सोलायला बसली.