गॅसवरचं दूध

“आई, हात खाली घ्या. आम्ही तुमच्या मदतीलाच आहोत,” पहिल्या नर्सने पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

मामांनी स्टीलचा पेला भिंतीवर आपटला. “दार उघडा! गॅसवर दूध आहे माझं!”

हॉलमध्ये खसखस पिकली. मामांची सगळी नोकरी याच मनोरुग्णालयात वॉर्डबॉय म्हणून गेली. चिडलेला पेशंट अंगावर आला तर काय करायचं, हे नर्सेसना शिकवताना निवृत्तीनंतरही पेशंटचं सोंग घ्यायला त्यांनाच बोलावत. एरवी ते दारुडा करत. आज बाई.

“मामा, साडी घरी विसरलात वाटतं!”

“पुरुष सगळे करून झाले,” मामा म्हणाले. “पुढचा कोण?”

गोगलगाय भिंतीला टेकून उभी होती. हे नाव तिला वॉर्डातल्या मैत्रिणींनी दिलेलं. मागे एका पेशंटने ढकललं तेव्हा तिला वेळेवर बाजूला होता आलं नव्हतं. आज नापास झाली तर वॉर्ड सुटणार, कपड्यांच्या स्टोअरमध्ये चादरी मोजत बसायचं, असं शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं. तिला वॉर्ड हवा होता. पण रात्रपाळी संपवून ती तशीच आली होती आणि पाय भरून आले होते.

दुसऱ्या नर्सने समजावलं, “आई, दूध नाहीच आहे.” मामा जास्तच खवळले. मग दोघांनी शिकवल्याप्रमाणे त्यांचे दंड धरले. मामांनी असा हिसका दिला की एकाचा चष्मा उडाला.

“मामा, जरा बेतानं! लागतं की!”

“तिलाही लागतं,” मामा धापा टाकत म्हणाले.

सरांनी गोगलगायीला खूण केली. ती पुढे झाली. मामा पेला उगारून धावले. तिला मागे सरायचं होतं, पण पाय उचलेनात. ती सरळ फरशीवर बसली.

“किती ठेवलंय दूध?”

मामा थबकले. “अर्धा लिटर.”

“मोठा गॅस की बारीक?”

“बारीक.”

“मग उतू जायला वेळ आहे. बसा घटकाभर, दोघी मिळून लक्ष ठेवू.”

मामा तिच्याशेजारी बसले. पेला आपणहून खाली ठेवला.

“झालं?” सर म्हणाले. “चिडलेल्या पेशंटसमोर खाली बसायचं नाही. अंतर सोडलं नाहीत. वर दुधाला हो म्हणालात. सिस्टर, उद्यापासून स्टोअर.”

ती उठली.

“सर, उद्यापासून खुशाल पाठवा,” मामा बसल्या जागेवरून म्हणाले. “आजचा दिवस यांना वॉर्डात राहू द्या. बाहेर रिक्षात माझी बायको आहे, लेक तिला धरून बसलीय. आत आणू का तिला?”