पतीचं नाव

अर्ज वाचून दाखवताना गणपत एका जागी अडखळला, हे देवकीच्या लक्षात आलं.

नागपूरच्या धरमपेठेतल्या मुलींच्या नव्या शाळेला मराठी शिकवायला बाई हवी होती. जाहिरात मध्यप्रांतभर गेली होती आणि अर्ज इंग्रजीत मागवले होते. देवकी शिक्षिका तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलची परीक्षा पास होती, पण इंग्रजी तिला अक्षरं जुळवण्यापुरतंच येई. गणपत तिचा धाकटा दीर, नरखेडच्या शाळेत मास्तर. आसपासच्या गावांतले लोक नोकरीचे अर्ज त्याच्याकडूनच लिहून घेत.

"अर्जात रडायचं नाही, वहिनी," त्यानं लिहिताना सांगितलं होतं. "गरीब हाय, आधार नाही, असं काही नाही. तुमाले काय येते ते सगळ्यात आधी. मंग आतापर्यंत कुठं शिकवलं ते. घरचं शेवटी, अन् एका ओळीत."

त्या एका ओळीतच तो अडखळला होता. पती म्हणून विश्वनाथ रामाजी उमाठे हे नाव होतं, आणि नावाआधी एक छोटा शब्द. तो शब्द त्यानं वाचलाच नाही. देवकीनं त्यावर बोट ठेवून विचारलं.

"तसं लिहा लागते," गणपत म्हणाला आणि दौतीचं बूच लावू लागला.

तो गेल्यावर तिनं अक्षरं जुळवली. लेट. हा शब्द तिला ठाऊक होता. गाडीला उशीर झाला की स्टेशनात सगळ्यांच्या तोंडी हाच असे. विश्वनाथ कामधंदा पाहायला म्हणून घरून निघाला, त्याला कैक वर्षं झाली होती. ना तो आला, ना त्याची खबर. नवरा उशिरा येणार आहे, असं काहीतरी भाऊजींनी लिहिलं असावं असं समजून तिला बरंच वाटलं. पण मग ते सांगायला काय हरकत होती?

दोन दिवसांनी ती काटोलला गेली. तिथं कचेरीसमोर चंपतराव नावाचे म्हातारे अर्जनवीस बसत. त्यांनी कागद वाचला, तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि अर्ज नेमका कोणाचा आहे असं विचारलं. माझाच, ती म्हणाली.

"लेट म्हंजे कैलासवासी, बाई," चंपतराव हळू आवाजात म्हणाले.

परतीच्या वाटेवर एकेक गोष्ट तिच्या मनात जुळत गेली. भावाचा ठावठिकाणा विचारत गावोगाव पत्रं धाडणारा गणपत. गेल्या साली तो जबलपूरहून मास्तरांचं ट्रेनिंग करून परत आला आणि त्यानं पत्रं बंद केली. त्यानंतरच तो तिला म्हणायला लागला, वहिनी, कुठं नोकरी धरा, आपल्या पायावर उभ्या राहा. संत्र्याच्या बागेत अर्धा हिस्सा विश्वनाथचा होता. कागदावर तो मेला आणि बायको नागपूरला गेली, म्हणजे बाग कोणाची, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अर्ज तिनं चंपतरावांकडून नव्यानं लिहून घेतला होता. गणपतनं लिहिलेलं चांगलंच होतं, त्यात एका अक्षराचाही बदल केला नाही. फक्त तो शब्द गाळला आणि नवरा हयात आहे असं घातलं. तिथूनच तो टपालात टाकला. टाकला का, असं गणपतनं दोनदा विचारलं. टाकला, तिनं दोन्ही वेळा सांगितलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं त्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तिच्याकडे न पाहता म्हणाला, "नागपूरले जासान तवा कुंकू लावू नका. त्या दिवसापुरतं."

"काहून?"

"विधवेले जागा लवकर भेटते."

उत्तर त्याच्याजवळ तयारच होतं. देवकी बरं म्हणाली. पण त्यानंतर तिनं त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि जमिनीचे कागद आपल्या ट्रंकेत ठेवून किल्ली कमरेला खोचली.

जायच्या दिवशी तिनं कुंकू रोजच्यापेक्षा ठसठशीत लावलं. गाडी यायच्या वेळी गणपत धापा टाकत स्टेशनावर आला. तिचं कपाळ पाहून त्याचा चेहरा उतरला. मीही येतो म्हणाला, तर ती नको म्हणाली.

"मंग एवढं तरी ऐका, वहिनी. दादाचं काही विचारलं तर मी लिहिलं तेच सांगजा. जास्तीचं काही बोलू नका."

"बागेतला अर्धा हिस्सा त्याहिच्या नावावर हाय, भाऊजी. मी जिती हाय तवर त्याहिच्याच नावावर राहीन."

गणपत खिडकीपासून मागे सरला. गाडी हलली तेव्हा तो खाली मान घालून उभा होता. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा, देवकीला वाटलं.

शाळेत दोघींनाच बोलावलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर दुसरी आधीच बसलेली होती. पुष्पलता तिचं नाव. जबलपूरची, देवकीहून लहान, हिंदी मिसळून भराभर बोलणारी. तिच्या नवऱ्याची बदली नुकतीच नागपूरला झाली होती. तोच तिला टांग्यानं घेऊन आला होता आणि मागच्या फाटकाबाहेर लिंबाखाली वाट पाहत थांबला होता. पुष्पलतेनं देवकीला जवळ सरकवून घेतलं, घाबरू नका म्हणाली, जागा कोणालाही मिळो, आपण एकमेकींकडे येत जाऊ. देवकीला ती आवडली. दोघी आपापल्या माणसाबद्दल बोलल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून दोघींच्याही बोलण्यात 'आमचे हे' एवढंच होतं. आमचे हे परगावी असतात, देवकीनं सांगितलं. येतील आता.

आपण तो शब्द गाळला हे बरंच केलं, असं तिच्या मनात आलं.

दार उघडलं. शिपाई हातातल्या कागदावरून वाचू लागला.

"मिसेस विश्वनाथ रामाजी उमाठे. मूळ गाव नरखेड."

देवकी उठली. पुष्पलता तिच्या आधीच उठली होती.