पहिलं पत्र

"मंग जीवनचं नाव घेऊ का नको, सर?" भागवतनं विचारलं.

शालिग्राम सर त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत होते. "भाषण तुहं हाये. तुले वाटन त्याचं घे," ते म्हणाले.

नांदुऱ्याजवळच्या त्या अंध मुलांच्या वसतिगृहात भागवत दहा वर्षांनी पाऊल ठेवत होता. अकोल्याच्या बँकेत तो कायम झाला, म्हणून संस्थेनं सत्काराला बोलावलं होतं. खिशात ब्रेलमध्ये टोचलेलं भाषण होतं. आभार मानायची नावं त्यात दोनच. पहिलं सरांचं. सर नसते तर हा पोरगा साखरखेर्ड्याला बापाच्या ओट्यावर बसून जन्म काढता. कॉलेजचा फॉर्म सरांनी भरला, अमरावतीला पोचवायला तेच आले, आणि थंडी पाहून अंगातला स्वेटरही काढून दिला. वसतिगृहाचा कारभार बघणारा माणूस पोरांसाठी एवढं करतो कुठं?

दुसरं नाव जीवनचं, आणि तिथंच घोडं अडलं होतं.

भागवतला ब्रेलची अक्षरं शिकवली ती वसतिगृहातल्याच आंधळ्या जीवननं. बोट धरून, एकेक ठिपका करत. स्वतः मात्र ठिपके पाडायचा टोच्या इतका दाबून मारायचा, की कागदावर ठिपके उठायच्या ऐवजी भोकंच पडायची.

"अबे, हा कागद हाये का पिठाची चाळणी?" भागवत चिडवायचा.

"तुह्या बोटाले वाचता येते ना? मंग चूप बस."

भागवत अमरावतीला निघाला तेव्हा दोघांकडेही मोबाइल नव्हता. जीवन मोठा, म्हणून पहिलं पत्र त्यानं लिहायचं असं ठरलं. पत्ता सरांकडे होता. मुलांची पत्रं सरच पाकिटात घालून पोस्टात टाकायचे. आंधळ्यांच्या पत्राला तिकीटही लागत नाही. भागवत वाट बघत बसला. महिना गेला, सहा महिने गेले. मग तोही इरेला पेटला. त्याला लिहायला होत नाही, तर मीच का लिहू? दोन वर्षांनी कावीळ होऊन जीवन गेला, तेही याला उडत उडत कळलं. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. यानं धरला, आणि चांगला आजपर्यंत धरला.

"सर, एक सांगा. त्यानं मले कधी पत्र लिहिलंच नाई?"

सर खाकरले. "पोरं दिवसभर टोचत बसतात. कोन कोनाले काय लिहिते, मले डोयसाले थे ठिपके काय कयते? लिहिलं असतं तर टाकलंच असतं ना म्या पोस्टात."

"हाव, तेही खरं."

"काऊन जीवाले लावून घेतो? चाल, ये लवकर. लोकं बसले मंडपात." सर पुढे गेले.

मागून अन्नपूर्णाकाकू आल्या. सरांच्या बायको त्या; सगळ्या पोरांना जेवू घालण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी भागवतच्या पिशवीची चेन उघडून काहीतरी आत सरकवलं.

"शेंगदाण्याचे लाडू हायेत. गाडीत खाजो. पेपरात नाई बांधले रे, शाई लागते खाण्याले. माळ्यावर कोऱ्या कागदायचा गठ्ठा पडला होता, त्यातला घेतला. जाडजूड हाये, फाटत नाई."

"काकू, तुम्ही अजून तशाच," भागवत म्हणाला आणि त्याला भरून आलं. आईनंही कधी इतकं केलं नव्हतं.

मंडपात शाल, नारळ सगळं झालं. भागवत बोलायला उभा राहिला. सरांचे आभार त्यानं मनापासून मानले. मग बोट कागदावर पुढच्या नावापाशी आलं. ते नाव गाळून तो खाली बसला असता तरी चाललं असतं.

"इथं माझा एक दोस्तही होता," तो म्हणाला. "त्यानं मले अक्षरं शिकवली, अन् मी फाटकाबाहेर पडलो तसा मले विसरून गेला. दोन ओळी नाई धाडल्या. पोरंहो, दोस्तीच्या भरवशावर राहू नका. सरांचा हात धरा. सर दगा देत नाईत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी त्याला मिठी मारली. त्यांचं अंग थरथरत होतं. किती हळवा माणूस, भागवतला वाटलं.

नांदुरा स्टेशनवर गाडी अर्धा तास लेट होती. फलाटावरच्या बाकावर बसून त्यानं पुडी काढली. राग एकदाचा ओकून टाकला होता, भूकही सपाटून लागली होती. चारही लाडू संपले. कागद चुरगळायला त्यानं मूठ वळली आणि बोटं थबकली. कागदाला भोकं होती. ओळीनं.

त्यानं तो तुपकट कागद मांडीवर पसरला, हात शर्टाला पुसला आणि डावीकडून बोट सरकवलं.

'भागवत, हे अकरावं पत्र सरांपाशी देऊन राह्यलो. तू एकाचंही उत्तर धाडलं नाई. काऊन रुसला बे माह्यावर?'