सरळ चेंडू

"जा, ग्वांगसिक," प्रशिक्षक मा त्याच्याकडे न बघताच म्हणाले. "आज बॅटला चेंडू लागला, तर पुढच्या मोसमाचं बोलू. नाही लागला, तर बोलण्यासारखं काही उरत नाही."

नववा म्हणजे शेवटचा डाव, शेवटचा गडी. समोरचा संघ एका धावेने पुढे होता आणि त्यांच्या तेहूनने अख्ख्या सामन्यात कुणाला एक धड फटका मारू दिला नव्हता. चेंडू टाकणारा हा पिचर जेमतेम चोविशीचा, पण आजचा सामना त्याने एकट्याने खाल्ला होता. बुसानचं बेसबॉलचं मैदान उठून उभं होतं. हातातली तळलेली कोंबडी लोकांच्या हातातच राहिली होती.

तेहून ग्वांगसिकच्याच शाळेचा. दुपारी रीतीप्रमाणे तो थोरल्यापुढे वाकायला आला, तेव्हा ग्वांगसिकने इकडेतिकडे बघून घेतलं होतं. "माझी पाळी आली तर सरळ टाक रे. वळणारे आता दिसत नाहीत मला." सदतिसाव्या वर्षी लाज गुंडाळून मागितलं होतं त्याने. "बरं, दादा," एवढंच पोरगं म्हणालं होतं.

"या काका, जेवलात का?" पाठीमागे चेंडू झेलायला उकिडवा बसलेला त्यांचा कॅचर म्हणाला. "अजून खेळता होय तुम्ही?"

ग्वांगसिकने बॅट उचलली.

पहिला चेंडू सरळ आला. छातीच्या खाली, अगदी मधोमध. त्याला तो दिसलासुद्धा. पण बॅट फिरली तेव्हा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसला होता.

"झोप झाली नाही वाटतं रात्री!" कॅचर खिदळला.

मग त्याने बोटांच्या खुणेने तेहूनकडे वळणारा चेंडू मागितला. तेहूनने नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा सरळच टाकला, पहिल्यापेक्षा हळू. पोरगं शब्द पाळत होतं! ग्वांगसिकने सगळा जीव बॅटमध्ये ओतला, आणि नुसता वारा कापला.

तीन हुकले की बाद; आता फक्त एक उरला. कॅचरने पुन्हा पुन्हा बोटं दाखवली, तेहून पुन्हा पुन्हा नकार देत राहिला. "वेड लागलंय याला," कॅचर पुटपुटला. मग त्याने मान वर करून ग्वांगसिककडे नीट पाहिलं. त्यानंतर तो एकही टोमणा मारेना.

तिसरा चेंडू अंगणात लहान पोराला टाकावा तसा आला. ग्वांगसिक हावरटासारखा आधीच फिरला. चेंडू मागाहून, निवांत, त्याच्या बॅटखालून निघून गेला.

मैदान आरोळ्यांनी दणाणलं. तेहूनवर त्याचे सोबती कोसळले. त्या ढिगातून कसाबसा बाहेर येऊन त्याने टोपी काढली आणि ग्वांगसिकच्या दिशेने कंबरेत वाकला. पोराच्या संस्कारांवर लोक खूश झाले, टाळ्या आणखी वाढल्या.

ग्वांगसिक बाकाशी परतला. जागा कुणी सरकून दिली नाही.

"काय झालं?" मा यांनी विचारलं.

"शेवटचा फार वळला, साहेब."

मा त्याच्याकडे पहिल्यांदाच बघत होते.

"वळला असता तर ठेवून घेतलं असतं तुला," ते म्हणाले. "बॅट राहू दे इथेच. पोरांना होईल."