दारव्ह्याले उतरली
दिग्रसहून यवतमाळला निघालेल्या एसटीत पंधरा वर्षांच्या पोरीनं तिकीट घेताना कंडक्टर विशाखाचा हात धरला. "मावशी, उद्या माह्यं लगन लावून राह्यले. मले शिकायचं हाये." दारव्ह्याच्या पुढे मोटारसायकल गाडीला आडवी आली. "माहा बाप!" म्हणत पोर बाकाखाली शिरली. तिची बाहेर राहिलेली चप्पल विशाखानं पायानं आत सरकवली. बाप चढला. "बाई, माही पोरगी बसलती का?" "बसलती. दारव्ह्याले उतरली." त्याचे डोळे भरले. "खरं सांगता ना?" त्यानं हात जोडले. "खरंच, भाऊ." गाडी भरलेली होती, पण कुणीही तोंड उघडलं नाही. तो उतरला नि दारव्ह्याकडे परतला. यवतमाळला विशाखानं पोरीला बालकल्याण समितीकडे पोचवलं. संध्याकाळी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी ती गप्प राहिली. पाचवं मात्र तिनं सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हटलं.