ऋजुताचं बोट

अकरावीच्या त्या वर्गात मनगटात चिप नसलेली ऋजुता एकटीच होती. बाकीच्यांचं बोट जुगाराच्या ॲपजवळ गेलं, की चिप हातच बधिर करून टाकायची. म्हणून मधल्या सुट्टीत सगळे आपापले फोन घेऊन तिच्यापुढे उभे राहायचे.

"पैज आमची, तू नुसतं बोट लाव," ओजस म्हणायचा. "एवढंही जमत नसेल, तर उद्यापासून एकटीच डबा खा."

ती बोट लावायची. कुणी जिंकलं की सगळे तिला डोक्यावर घेऊन नाचायचे.

दिवाळीची सुट्टी लागली आणि तिला घरात करमेना. बोट नुसत्या टेबलावर टकटक करत राही. शेवटी ती आईला म्हणाली, "आई, मलाही चिप बसवून दे ना."

चकल्या पाडता पाडता आई हसली. "वेडी आहेस का? चिप वाया गेलेल्या पोरांना लावतात. अख्ख्या सोसायटीत मी ताठ मानेनं सांगते, माझ्या मुलीला गरजच पडली नाही म्हणून. आता लोकांना काय तोंड दाखवू?"

आईचा फोन ओट्यावरच पडला होता. ऋजुतानं डाव्या हातानं उजवा हात गच्च धरला. पहिला घाणा तळून होईपर्यंतसुद्धा तिला तो धरवला नाही.